खोली नंबर २७

“काका, तुम्ही बिल्डिंगमधले की बाहेरचे?”

पावतीपुस्तकं घेऊन बसलेल्या मुलाने विचारलं तेव्हा मी पाचशेची नोट पुढे धरली होती आणि माझं लक्ष गणपतीच्या मूर्तीकडे होतं. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याच्यापुढे दोन पुस्तकं होती, एक गुलाबी, एक पिवळं. गुलाबी बिल्डिंगमधल्यांचं, पिवळं बाहेरच्यांचं. विचारण्यात वावगं काही नव्हतं, हिशेब वेगळा ठेवायचा असतो. पण मला पटकन उत्तर देता येईना. मागे रांग वाढत होती. मी म्हटलं, “आम्ही सत्तावीसमधले.” त्याला काही उमगलं नाही. नव्या इमारतीत खोल्या नाहीत, फ्लॅट आहेत आणि त्यांचे नंबर चार आकडी आहेत. “म्हणजे जुन्या चाळीतले होय? आता कुठे असता?” “बदलापूरला.” त्याने पिवळं पुस्तक ओढलं, नाव लिहिलं, नावापुढे बदलापूर लिहिलं आणि पावती प्रसादाच्या पुडीसकट दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. गुणी मुलगा. त्या पिवळ्या कागदाची घडी खिशात घालून मी करी रोडचा पूल चढलो. परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत उभा होतो, पण पाय दुखल्याचंही मला घरी पोचल्यावर कळलं.

बाहेरचे.

लालबागच्या त्या चाळीत माझा जन्म झाला. तीस वर्षं मी तिथे राहिलो. त्या मंडळाच्या मंडपाला मी सुतळ्या बांधल्यात, विसर्जनाहून पहाटे परतताना घोटाभर चिखलातून पाट डोक्यावर घेऊन आलोय. आणि गेली तेवीस वर्षं मी बदलापूरला राहतो, तिथे कर भरतो, तिथे मत देतो. मुलाने लिहिलं ते खोटं नव्हतंच. तरीही ते मनातून जाईना, आणि का जात नाही हे शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

बाबा संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून १९६४ साली मुंबईला आले. आधी गावकीच्या खोलीत राहिले. एका खोलीत एकाच गावची वीस-बावीस माणसं. पाळीप्रमाणे झोपायची, म्हणजे एक उठून गेला की त्याच्याच वळकटीवर दुसरा. लग्न ठरल्यावर त्यांनी सत्तावीस नंबरची खोली घेतली. दहा बाय बाराची, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. गॅलरीच्या टोकाला संडास, त्यातला एक बहुतेक वेळा तुंबलेला. आई गावकीच्या खोलीतल्या सहा माणसांना जेवण करून घालायची. आमची खानावळ म्हणजे भिंतीला टेकवलेले सहा पाट आणि पितळेची सहा ताटं. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. आईला ते कर्ज मिळालं होतं. त्यातून तिने मोठं पातेलं आणि स्टोव्ह घेतला. तेव्हा आमच्या घरी दोन मिळकती होत्या, बाबांचा पगार आणि आईची खानावळ. दोन्ही गिरणीच्या एकाच भोंग्यावर चालायच्या, हे आम्हाला १९८२ साली कळलं.

१८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार उभे राहिले. त्या संपाविषयी इतकं लिहून झालंय की मी नव्याने काय सांगणार. मला आठवतात ते पाट. आधी सहा होते. एप्रिलात चार झाले, पावसाळ्याच्या तोंडावर दोन, आणि गणपतीला गावी गेलेले शेवटचे दोघे परत आलेच नाहीत. बाबांचा पगार बंद झाला तेव्हा आईने धीर धरला होता. ती रडली ती ताटं मोडीत देताना. संप कोणी रीतसर मागे घेतला नाही, त्यामुळे तो संपला त्या तारखेचं कॅलेंडर आमच्या भिंतीवर कधी लागलंच नाही. बाबा दादरला एका इमारतीत रखवालदार झाले आणि साठाव्या वर्षापर्यंत रखवालदारच राहिले. गिरणीत साच्यावर काम करणारा माणूस पुढे जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी फाटक उघडत होता. त्यांनी याची तक्रार केली नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही, याचं मला आता फार वाटतं.

अशा मिळकतीत आम्ही लालबागला टिकलो ते भाड्यामुळे. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या चाळींची भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. आमची पावती जेमतेम दोन आकडी होती. हा कायदा नसता तर संपानंतरच्या दुसऱ्या वर्षी आम्ही गावी गेलो असतो. पण त्याच पावतीमुळे मालकाने चाळीकडे ढुंकून पाहिलं नाही, हेही तितकंच खरं. दुरुस्ती मंडळाची माणसं यायची, खालच्या मजल्यावर लाकडी टेकू लावून जायची. पहिल्या वर्षी ते टेकू चुकवत आम्ही चालायचो. पुढे त्यांना वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या, आणि नंतर लहान मुलं त्यांच्याभोवती खांब-खांब खेळायला लागली. स्वस्त भाडं आणि टेकू ही एकाच कायद्याची लेकरं होती.

२००१ साली माझं लग्न झालं. इथे मला थोडं अवघड लिहायचंय. दहा बाय बाराच्या खोलीत आई, बाबा, धाकटा भाऊ, मी आणि नवी नवरी. पहिल्याच रात्री आई-बाबांनी वळकट्या उचलल्या आणि ते गॅलरीत झोपायला गेले. भाऊ मित्राकडे. असं रोज. पावसाळ्यात गॅलरीत झड यायची, तेव्हा बाबा ताडपत्री लावून तिच्या आत पडायचे. पहाटे पाण्याची वेळ झाली की त्यांना मोरीशी यावं लागे. आत येण्याआधी ते दाराबाहेर खाकरायचे. एकदा, थोडं थांबून पुन्हा एकदा. मग कडी वाजवायचे, कडी उघडीच असली तरी. आपल्याच घराच्या दाराशी वडिलांचं ते खाकरणं ऐकत मी सात-आठ महिने काढले. ही डोक्यावर पदर घेऊन घाईघाईने उठायची, आणि दिवसभर बाबांच्या नजरेला नजर देत नसे. तिने मला कधी वेगळं घर घ्या म्हटलं नाही. मीच एका रविवारी बदलापूरला जाऊन आलो.

आम्हाला कोणी हाकललं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण गिरणगावातून मराठी माणूस हाकलला गेला असं म्हणताना माझीच मान हलते आणि घरी आल्यावर आठवतं की आमच्या दारात कुणी दांडगा आला नव्हता. आम्ही पागडीची खोली, म्हणजे तिथे राहण्याचा भाडेकरूचा हक्क, विकली. रिवाजाप्रमाणे मालकाचा तिसरा हिस्सा त्याला दिला. घेणारा पलीकडच्या गल्लीतला दुकानदार होता, त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला एक खोली हवी होती. म्हणजे ज्या कारणासाठी आम्ही सोडली त्याच कारणासाठी त्याने घेतली. आलेल्या पैशांत भावाच्या शिक्षणाचं देणं फिटलं आणि बदलापूरला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं घर आलं. हाकललं नाही, पण तिथेच राहून दोन खोल्या घेता येतील असं काही आमच्या हातात कुणी ठेवलंही नव्हतं. माझ्या पगाराला परळ-लालबागचा एक चौरस फूट आणि बदलापूरचा एक चौरस फूट यांतली तफावत स्वच्छ दिसत होती, आणि ती मी हौसेने मोजली होती.

हौसेनेच. नव्या घरी सामान लागलं त्या संध्याकाळी आई न्हाणीघराच्या दाराची कडी आतून लावून बराच वेळ आत बसली. पाण्याचा आवाजही नाही. मी दार वाजवलं तर म्हणाली, “काही नाही रे, बसले आहे.” पन्नाशी उलटलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा आतून कडी लावता आली होती. तेव्हापासून कोणी आमच्या जाण्याला नुसतं दुःख म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे ते बंद दार येतं.

किंमत मी गाडीत भरली. बदलापूर ते शिवाजी टर्मिनस अडुसष्ट किलोमीटर. माझं ऑफिस फोर्टात. जाण्या-येण्याचे साडेचार तास. आरामात बसायचं तर अर्धा तास आधी फलाटावर यावं लागे, कारण अंबरनाथची मंडळी उलटी बदलापूरला येऊन खिडक्या धरून बसलेली असत, आणि त्यावरून रोज बाचाबाची. मग चौथी सीट. तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा त्याचा अर्धा भार बाकावर आणि अर्धा स्वतःच्या डाव्या पायावर असतो. दिव्यापर्यंत पायाला मुंग्या, मुंब्र्याच्या पुढे पाय नाहीच. गाडीतले लोक चांगले होते. माझ्या मुलाचं बारसं, वडिलांचं आजारपण, सगळं त्या डब्याला ठाऊक होतं. पण मुलगा रांगायला लागला, पावलं टाकायला लागला, ते मी फक्त रविवारी पाहिलं. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा मी ऑफिसात अडकलो होतो. ही एकटीच, कडेवर मूल, आणि तळमजल्यावरची तीन कुटुंबं आमच्या घरात. तिसऱ्या दिवशी मी चालत, मिळेल त्या वाहनाने पोचलो. पगार दरवर्षी वाढत होता. घरही आपलं होतं. त्या दोन गोष्टींची बेरीज केली की हे तास वजा करायला कागदावर जागाच उरत नसे.

कागद म्हटलं म्हणून आठवलं. २०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या बाई आल्या होत्या. झेडपीच्या शाळेतल्या शिक्षिका, दमलेल्या, पायरीवरच बसल्या. त्यांच्या तक्त्यात जन्मस्थान होतं, याआधी राहण्याचं ठिकाण होतं आणि तिथून येण्याचं कारण होतं. कारणं आधीच ठरलेली: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबासोबत स्थलांतर, आणि शेवटी इतर. आईचं झटकन झालं, कुटुंबासोबत. हिचं आणि माझंही तेच. बाबांपाशी बाई अडल्या. कुटुंबप्रमुख ते. कामासाठी आले का? नाही, काम दादरला होतं. व्यवसाय नाही. शिक्षण, लग्न नाही. बाबा शांतपणे म्हणाले, “संडासासाठी आलो. स्वतःचा संडास हवा होता. लिहा तसं.” आईने पदर तोंडाला लावला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मान हलवली आणि ‘इतर’चा आकडा टाकला. माझ्या पाळीला त्यांनी विचारलं, घरापासून कामाची जागा किती किलोमीटर आणि जाता कशाने. मी सांगितलं, अडुसष्ट, रेल्वेने. किती वेळ लागतो असा रकाना नव्हता.

त्या शिरगणतीचे आकडे पुढे पेपरात आले तेव्हा मी ते कापून ठेवले. मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईत, २००१ साली ३३ लाख ३८ हजार माणसं होती. २०११ साली ३० लाख ८५ हजार उरली. अडीच लाख कमी. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. या वाढीत देशभरातून आलेली माणसं आहेत, इथेच जन्मलेली मुलं आहेत, आणि आमच्यासारखे करी रोडवरून सामान हलवलेलेही आहेत. संपातले कामगार अडीच लाख आणि घटलेली माणसं अडीच लाख, हा नुसता योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण आणखी एक गोष्ट त्या कात्रणात होती आणि ती वाचून मी बाबांना काही बोललो नाही. अख्ख्या महाराष्ट्रात त्या दहा वर्षांत लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. बाबांनी आयुष्यात दोनदा घर सोडलं. एकदा रत्नागिरी जिल्ह्यातलं, एकदा मुंबई शहरातलं. दोन्हीकडे मागे माणसं कमी होत होती.

लोक मला विचारतात, टॉवर तर एवढे उठले, मग माणसं घटली कशी? मला यात नवल वाटत नाही. आमच्या दहा बाय बारात सात माणसं राहून गेली, गावाहून आलेला पाहुणा धरला तर आठ. आज त्या खोलीच्या आठ-दहा पट जागेत तीन माणसं राहतात. गिरण्यांच्या सहाशे एकरांवर काय व्हावं याचा नियम १९९१ साली झाला, २००१ साली त्यात बदल झाला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. परवडणाऱ्या घरांसाठी आणि मोकळ्या मैदानांसाठी सुटेल अशी आशा होती त्यातली फार थोडी जागा त्यांच्या वाट्याला आली. बाकी ठिकाणी जे उभं राहिलं तिथे दिवसा हजारो माणसं असतात आणि संध्याकाळी ती सगळी आमच्याच गाडीत चढतात. शिरगणती माणूस झोपतो तिथे मोजते.

चाळीतले जे थांबले त्यांचं काय झालं, हा प्रश्न मला अनेक वर्षं टोचत होता. २०१२ साली चाळ पाडली, काही वर्षांनी इमारत उभी राहिली आणि थांबलेल्यांना मालकीचे फ्लॅट मिळाले. माझा बालमित्र चौदाव्या मजल्यावर राहतो. त्या दिवशी दर्शनानंतर त्याच्याकडे चहाला गेलो. खिडकीतून शिवडीची खाडी दिसते. मला हेवा वाटला, आणि तो मी लपवला नाही. तो म्हणाला, “बघून घे. अजून किती दिवस दिसेल सांगता येत नाही.” खाजगी सुरक्षा कंपनीत तो सुपरवायझर आहे. मेंटेनन्स, लिफ्टचा खर्च, पंपाचं बिल. कॉर्पस फंडाच्या, म्हणजे देखभालीसाठी राखून ठेवलेल्या रकमेच्या, व्याजावर सुरुवातीची वर्षं निघाली, आता पुरत नाही. घराची किंमत कोटीत आणि घर चालवायला महिन्याला हात पसरायचा. त्याच्या मजल्यावरच्या दोघांनी फ्लॅट भाड्याने देऊन नालासोपाऱ्याला बिऱ्हाड हलवलंय. त्यांची वर्गणी कुठल्या पुस्तकात जाते, हे विचारायचं माझ्या मनात आलं, पण विचारलं नाही.

माझा मुलगा आता ऐरोलीला नोकरी करतो. माझ्या चाळिसाव्या वर्षीच्या पगाराहून त्याचा पहिला पगार जास्त आहे. गेल्या महिन्यात त्याने मोबाइलवर एक नकाशा दाखवला. वांगणीला, बदलापूरच्या पुढच्या स्टेशनला, नवी इमारत होतेय. बदलापुरात आता त्याला जमत नाही. “बाबा, गाडीने थोडाच वेळ जास्त लागतो,” तो म्हणाला. तेवीस वर्षांपूर्वी मी हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, माझ्या बाबांना म्हटलं होतं. फक्त मी तेव्हा कुर्ल्यापासून मोजत होतो. मी त्याला जा किंवा नको काहीच म्हणू शकलो नाही. त्याच्या आईने मात्र विचारलं, “न्हाणीघर किती मोठं आहे?”

पुढची जनगणना २०२७ च्या फेब्रुवारीत आहे. २०२१ ची राहून गेली, त्यामुळे मधली सोळा वर्षं कोण कुठून कुठे गेलं हे मोजलंच गेलेलं नाही. बाबा २०१६ साली गेले. या मधल्या काळातच.

पिवळी पावती त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवावी म्हणून मी परवा ती उघडली. गिरणीचा बिल्ला, खोलीच्या भाड्याच्या पावत्या, आईच्या कर्जाचं पासबुक. आणि मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, रबराने बांधलेल्या, वर्षवार. रबर हातातच तुटलं. बदलापूरला आल्यावर बाबा दरवर्षी गणपतीत एक दिवस सकाळीच निघून लालबागला जायचे, एकटेच. आम्हाला वाटायचं दर्शनाला जातात. २००२ पासून २०१५ पर्यंतच्या सगळ्या पावत्या आहेत. प्रत्येकीवर त्यांचं नाव आणि पुढे ‘खो. नं. २७’. चाळ पाडल्यानंतरच्या तिन्हींवरही तेच. २००९ सालच्या पावतीवर लिहिणाऱ्याने आधी ‘बदलापूर’ लिहिलंय. मग त्यावर एक आडवी रेघ मारून, जागा कमी पडली म्हणून बारीक अक्षरात, वर ‘२७’ लिहिलंय.